मागलं दार

मुलाचा पहिला शब्द ‘पप्पा’. दुसरा ‘काऊ’, तिसरा ‘भूर्र’. मग गल्लीतल्या कुत्र्याला ‘हाड’सुद्धा म्हणायला लागला. दीड वर्षाचा झाला, तरी मला हाक नव्हती.

आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेली पहिली मी. बीएस्सी, केमिस्ट्री. लाजायचं काय त्यात, सांगतेच मी. मुलगा सहा महिन्यांचा असताना वाळूजला एका औषधाच्या कंपनीत, लॅबमध्ये लागले. आमचं घर पडेगावला, पुढच्या खोलीत नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान. त्यामुळं पोरगा दिवसभर बापाच्या मांडीवर, आणि मी पावणेसातच्या बसला.

पहिल्याच आठवड्यात मी निघताना त्यानं आकांत केला. सासूबाई म्हणाल्या, “त्याच्या डोळ्यादेखत जाऊ नको बाई. मागल्या दारानं निघ. लेकरू रडणार नाय, तुलाबी उशीर नाय.”

मला पटलं. डबा आधीच मोरीजवळ नेऊन ठेवायचे, सँडल हातात घ्यायची, आणि तो बापाजवळ खेळत असताना मागनं सटकायचं. कडी वाजू नये म्हणून तिला फडकं गुंडाळलं होतं. वर्षभर मी माझ्याच घरातून अशी निघाले.

संध्याकाळी आले की तो बापाच्या खांद्यात तोंड खुपसायचा. मी हात पुढं केले की शर्टाची कॉलर घट्ट धरायचा. शेजारीण म्हणायची, “अगं, याच्या वेळी कळा बापालाच आल्या व्हत्या काय?” मीही हसायचे. हसून आत जायचे आणि भांडी घासत बसायचे.

एका रविवारी नवरा गुलमंडीला कागद आणायला निघाला. पोराला उचलून म्हणाला, “येतो रे राजा. कागद आणतो, तुला बिस्कीट आणतो.” पोरगा दोन मिनिटं रडला, मग ग्रिल धरून रस्त्याकडं बघत उभा राहिला. तासाभरानं मी कपडे वाळत घालायला मागलं दार उघडलं. त्यानं वळून पाहिलं. रडला नाही, मागं आला नाही. पुन्हा तोंड रस्त्याकडं.

ओला टॉवेल हातात घेऊन मी दोरीखाली उभीच राहिले. बापाची तो वाट बघत होता. माझी वाट बघायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. वर्षभरात मी त्याला एकदाही ते म्हटलं नव्हतं.

सोमवारी पुढच्या दारात बसून, त्याच्यासमोर सँडल घातली. “मी कामाला चालले. संध्याकाळी येते.”

त्यानं घर डोक्यावर घेतलं. सासूबाई भडकल्या, “लेकराला रडवून जायाचं, हे कालेजात शिकलीस व्हय?”

“व्हय,” मी म्हणाले, “जरा उशिरा शिकले.”

बोलताना बोलले. पण नगर नाका मागं पडला तरी ते रडणं कानातून जाईना. बसमध्ये सांगणार कुणाला? शेजारची बाई डोळे मिटून बसली होती.

आठ दिवस रोज सकाळी तेच. संध्याकाळी तीच कॉलर. नवरा म्हणाला, “जा की मागल्या दारानं. कशाला जीव जाळतीस?” मी कडीचं फडकं सोडलं आणि फरशी पुसायला घेतलं.

मग एका संध्याकाळी बसमधून उतरून गल्लीत वळले, तर पोरगा ग्रिल धरून उभा. आत नवरा गिऱ्हाइकाची कागदं मशीनवर लावत होता. मला बघून पोरानं हात पुढं केले नाहीत. मान मागं वळवून बापाला म्हणाला, “आली.”

मशीनच्या आवाजात नवऱ्याला ऐकू गेलं नाही. “काय रे?”

“आली.”

मी पायरीवर बसले आणि त्याच्यासमोर सँडल काढली. तो ग्रिलच्या पलीकडून बघत होता. जवळ आला नाही.