आसराबाईची बॅटरीची रिक्षा

एप्रिलात सकाळची शाळा सुटली, आणि पोरींनी भरलेली आसराबाईची रिक्षा राजूरच्या रस्त्यावर भर उन्हात बंद पडली. बॅटरी तापली होती. पोरी पायी घरी आल्या. त्यांतल्या दीपमालाचा बाप आसराबाईच्या दारात येऊन बोलला, "बाईमाणसाचं काम न्हाई हे. पुन्हा बंद पडली तर पोरगी धाडणार न्हाई."

गावातून शाळेला दुसरी गाडी नव्हती. आसराबाईची स्वतःची शाळा अशीच, गाडीवाचून, कायमची सुटली होती. ती रात्रभर तळमळली.

दुसऱ्या दिवशी रिक्षा चालू झाली, तशी नवऱ्याला, राधाकिसनला, तीत बसवून ती जालन्याला गाडीच्या दुकानात गेली. मिस्त्रीनं सीट उचललं. बॅटरीच्या डब्याला हळदकुंकू, आणि भोवती राजूरच्या गणपतीचं लाल कापड, गच्च बांधलेलं.

"मावशी, बॅटरीला थंडी वाजती का?" तो हसला. "ह्या जाळीतून पंखा हवा ओढतो. जाळीच झाकली तर बॅटरी तापणारच. आणि आल्या आल्या चार्जिंगला लावता?"

"लावते की."

"आधी सावलीत निवू द्यायची, मंग चार्जिंग. गाडी देताना सगळं सांगितलं होतं."

"कोणाला?"

त्यानं राधाकिसनकडं बोट केलं. राधाकिसन चपलेकडं बघत पुटपुटला, "ध्यानात राह्यलं न्हाई. मी कुठं चालवतो?"

आसराबाईचा पारा चढला. "गाडी माझ्या नावावर, लायसन माझं, आन् सांगितलं ह्यांना? ह्यांना सायकल येत न्हाई! उन्हातून आणलेली मेंढरं आधी सावलीला बसवायची, हे मला लहानपणापासून ठाऊक. बॅटरीचं तेवढं कळलं नसतं? बोल मात्र मी खाल्ले!"

"बरोबर आहे मावशी," म्हणत मिस्त्री जाळी कशी झाडायची ते सांगू लागला. राधाकिसनकडंच बघून.

आसराबाईनं स्टूल ओढलं आणि दोघांच्या मधोमध बसली. "इकडं बघा. आता पहिल्यापासून सांगा."

सगळं ऐकून घेतल्यावर तिनं देवाचं कापड सोडलं, कपाळाला लावलं आणि हँडलला बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपमालाचा बाप डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडं बघत उभा होता. रिक्षा आली. पोरी हसत उतरल्या. आसराबाईनं गाडी लिंबाखाली लावली. चार्जिंगची वायर गुंडाळलेलीच ठेवली.

त्यानं पारावरच्या राधाकिसनला विचारलं, "काय बिघडलं होतं हो?"

राधाकिसन जागचा हलला नाही. "मला काय इचारता? तिला इचारा."