चिमणीच्या पाठीचं पाणी

शेडची छतं दुरुस्त करणाऱ्यांकडे किस्से फार. जून उजाडला की चाकणच्या कारखान्यांतून फोन सुरू होतात आणि फोनागणिक एक किस्सा जमा होतो. आमच्याकडचे निम्मे रशीदचाचांचे. चाचा तळेगावचे, पत्र्याचे मिस्त्री, साठी ओलांडलेले. मी त्यांचा सुपरवायझर, निदान कागदावर.

•

माझ्या पहिल्याच साइटवर छतातून वर गेलेल्या धुराच्या चिमणीभोवती सिलिकॉनच्या बारा ट्यूब संपवूनही गळत होतं. चाचांनी चिमणीला हात लावला नाही. छताच्या वरच्या टोकाला मगभर पाणी ओतलं आणि बसून राहिले. पाणी उतरलं आणि चिमणीच्या पाठीशी, चढाकडच्या बाजूला, तुंबलं.

मग त्यांनी तिथं दोन्हीकडे उतरता पत्रा बसवला. पुढचा मग ओतला. पाणी मधोमध फुटलं आणि दोन्ही अंगांनी निघून गेलं.

"पाण्याशी भांडायचं न्हाई राव, त्याला वाट द्यायची."

ते फुटणारं पाणी मी आजही बघत उभा राहतो.

•

चाचा रजेवर असताना मी चिमणीच्या चारही बाजू सील केल्या, खालचीसुद्धा. वरून झिरपलेलं पाणी आतच अडकलं आणि थेट खाली क्वालिटी विभागाच्या टेबलावर उतरलं.

चाचा वाकून म्हणाले, "साहेब, पाहुणा आत घेतला आन् बाहेरून कडी लावली?"

इंजिनिअरिंगचा डिप्लोमा माझा, आणि कडी काढायला चाचा!

•

चऱ्होलीत एका बंगल्याच्या गच्चीवर सोलरच्या पाइपाशी गळत होतं. मालक ड्रॉइंग घेऊन आले. चाचांनी ते उलटं धरलं. मालक हसले.

"बांधणाऱ्यानं असंच धरलं व्हतं," चाचा म्हणाले.

मोजलं, तर उतार खरंच उलटा निघाला.

•

आणि ती ॲल्युमिनियमची भट्टी. चिमणीच्या कडेनं पाणी ठिबकत होतं, भट्टीपासून हातभर अंतरावर. वितळलेल्या धातूत पाणी शिरलं तर स्फोट होतो, आणि शिफ्टला चौदा माणसं होती. चाचांनी आधी सगळ्यांना बाहेर काढायला लावलं. मग खालूनच वर बघून मला म्हणाले, "पाऊस थांबला की पट्टा बांधून चढ. पाठीकडचा, डावीकडनं तिसरा बोल्ट बघ. वॉशर नसंल."

चढलो. तिसऱ्या बोल्टला पाणी अडवणारा रबरी वॉशर नव्हता.

निघताना गेटवरचा वॉचमन म्हणाला, "हे चाचा दरवर्षी मे महिन्यात येतात. चिमणी बघू द्या म्हणतात. पास नसतो, मी परत पाठवतो."

मी चाचांकडे बघितलं.

"बसवली मीच व्हती," चाचा म्हणाले. "वॉशर हातातनं खाली पडला. उतरून आणायचा कंटाळा केला."