वर पाचवा हिस्सा

माझी मावशी लॉन्ड्री चालवते आणि खोटं बोलणं तिला अजिबात जमत नाही. कुणाच्या शर्टाला इस्त्रीचा चटका बसला, तर गिऱ्हाईक दाराशी पोहोचायच्या आत ती शर्ट नाचवत बाहेर येते, “बघा, जाळला मी!” आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली, तेही माझ्या आईशी, म्हणजे सख्ख्या थोरल्या बहिणीशी. आजीनं विणलेला क्रोशाचा टेबलक्लॉथ आईनं धुवायला दिला होता. मावशीनं सांगितलं, जळला. जळतोय कसला! तिच्या कपाटात सुखानं नांदत होता. आजीनं तो थोरलीलाच का दिला, हे तिचं दुखणं. त्यानंतर अकरा वर्षं दोघी एकाच चर्चमध्ये, दोन टोकांच्या बाकांवर बसून, एकच गीत दोन सुरांत गायच्या. मधे मी.

मग एका बुधवारी संध्याकाळी बायबलच्या वर्गात पाळकसाहेबांनी लेवीय हे पुस्तक काढलं. प्राचीन इस्राएलच्या त्या बैल-बकऱ्यांच्या याद्या सुरू झाल्या की अर्धा वर्ग पेंगतो. मीही पेंगत होते. तेवढ्यात ते म्हणाले, कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू लपवली असेल तर ती परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा आणि दोषार्पणासाठी, म्हणजे अपराधाच्या क्षमेसाठी बळी द्यायला, मेंढा आणायचा. मावशी ताडकन उभी राहिली.

“धुवायला दिलेली वस्तू यात धरतात का?”

“धरत... असावेत,” पाळकसाहेब म्हणाले.

“मग मेंढा आणायचा कुठून?”

“मेंढा नको, बाई. ते सगळे बळी ज्याच्याकडे बोट दाखवत होते, तो ख्रिस्त. त्यानं स्वतःचंच अर्पण केलं, एकदाच, सगळ्यांसाठी. प्रायश्चित्त झालं.”

“म्हणजे मेंढा वाचला. आणि पाचवा हिस्सा?”

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. “मेंढा देवासाठी होता. हिस्सा ज्याचं घेतलं त्याच्यासाठी. तो आपला आपणच द्यावा.”

“लांबीचा पाचवा की क्षेत्रफळाचा?”

पाळकसाहेबांनी घाईघाईनं शेवटची प्रार्थना सुरू केली.

पुढचे तीन आठवडे सगळी गिऱ्हाइकं चुरगळलेल्या कपड्यांत फिरली. इस्त्री गार, आणि मावशी टेबलक्लॉथच्या चारी बाजूंनी क्रोशा विणत बसलेली. हिशेबाला मला जुंपलं होतं. मधेच ती गुणगुणायची, स्वतःशीच हसायची, आणि एकदम सुई थांबवून विचारायची, “ताईनं दार लावून घेतलं तर?” मी म्हणायचे, छे गं! आणि पुन्हा टाके मोजायला लागायचे.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. आईनं दार उघडलं. मावशीनं गाठोडं तिच्या हातात कोंबलं आणि एका दमात म्हणाली, “जळला नव्हता, मी ढापला होता, हा घे, वर पाचवा हिस्सा.”

आईनं गाठोडं सोडून टेबलक्लॉथ टेबलावर पसरला. तो पार जमिनीवर लोळायला लागला. मला हसू आवरेना. आई मात्र हसली नाही.

“जळला नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. जळका रुमालसुद्धा मिरवत आणतेस तू. याची राखही दाखवली नाहीस.”

“मग बोलली का नाहीस, ताई?”

“काय बोलायचं? क्षमा तेव्हाच केली होती. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवली होती. न्यायला तूच आली नाहीस.”

मावशीनं टेबलक्लॉथच्या नव्याकोऱ्या काठात तोंड खुपसलं आणि भोकाड पसरलं. आई तिला घट्ट धरून, स्वतःही रडत ओरडली, “अगं, नाक नको पुसूस त्याला! माझा आहे तो!”