शैला कॅन्सरने गेली नाही

शैला कॅन्सरने गेली नाही.

कालपासून शाळेच्या ग्रुपवर 'कॅन्सरशी झुंज अपयशी' असं फिरतंय. कृपया डिलीट करा.

परवा दुपारी जेवण झाल्यावर तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. अलिबागच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत संपलं होतं.

कॅन्सर झाला होता, तो सात वर्षांपूर्वी. मूळव्याध समजून तपासायला गेली आणि गुदाशयात छोटी गाठ सापडली. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे सहसा संथ वाढणारा कॅन्सर. जागा अशी, की नातेवाइकांना उच्चारायची लाज. म्हणून त्यांनी परस्पर तो 'पोटाचा' करून टाकला.

गाठ दुर्बिणीतून काढली. रिपोर्ट घ्यायला मांडव्याहून लाँचने आम्ही दोघीच मुंबईला गेलो. तिचा नवरा तेव्हा हयात नव्हता.

डॉक्टर तरुण मुलगी होती. गाठ केवढी, किती खोल, लसीकाग्रंथींत पसरली का, पेशी किती वेगाने वाढतात, सगळं समजावून सांगितलं. मी विमा कंपनीत आयुष्य काढलंय. माणूस किती जगेल या अंदाजावरच आमचा पगार निघायचा. त्या मुलीचा हिशोब मला पटला.

शैलाने विचारलं, "म्हणजे मी जगणार?"

"बहुतेक तुम्हाला दुसरंच काहीतरी घेऊन जाईल, आणि तेही उशिरा."

"खात्री?"

"खात्री मी कुणालाच देत नाही. पण पैज लावायची तर तुमच्या बाजूने लावेन."

परतीच्या लाँचवर शैलाने दोन वडापाव खाल्ले. माझ्या वाटणीचासुद्धा.

नागावला घरी आलो, तर ओटीवर तिचे दीर बसलेले. सोबत पुण्याच्या मुलाचा फोटो.

"वहिनी, आता तुमच्या डोळ्यांदेखत केतकीच्या डोक्यावर अक्षता पडू देत."

केतकी म्हणजे शैलाची एकुलती एक. तेव्हा चोवीस वर्षांची. न्हावा शेव्याला शिपिंग कंपनीत नुकती लागली होती. पुण्याच्या मंडळींची अट, नोकरी सोडायची.

शैलाने डॉक्टर काय म्हणाली ते सांगितलं.

दीर माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. "डॉक्टर पेशंटसमोर असंच बोलतात हो. खरं ते घरच्यांना बाजूला घेऊन सांगतात."

आणि हा गृहस्थ खरोखर मुंबईला गेला. 'बाजूला घ्या' म्हणाला. डॉक्टरने बाजूला घेऊन अक्षरशः तेच सांगितलं.

परत येऊन म्हणतो, "मलासुद्धा खरं सांगितलं नाही. म्हणजे केस फारच वाईट आहे."



मग रांग लागली. स्वतःची नारळाची वाडी असलेल्या बाईला लोक शहाळी घेऊन भेटायला यायचे. डोळे पुसायचे. जाताना केतकीला कोपऱ्यात घेऊन, "आईला हे एवढं सुख दे गं बाई."

मुलगी खचली. एकदा रात्री म्हणाली, "आई, करून टाकते मी. तू निदान बघशील तरी."

शैला आयुष्यात कधी ओरडली नव्हती. तेव्हा ओरडली.

"माझ्या मरणाच्या मुहूर्तावर तुझं लग्न लावायचं नाही! मी मरत नाहीये. आणि मरत असते ना, तरी नाही."

फोटो पुण्याला परत गेला.

पुढची सात वर्षं शैला जगली. भरपूर जगली. होमस्टे चालवला, पाहुण्यांना उकडीचे मोदक वळायला लावले, दर तपासणीचा स्वच्छ रिपोर्ट दिरांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. खाली फक्त 'नमस्कार भाऊजी'.

केतकी आज त्याच शिपिंग कंपनीत अख्खा विभाग सांभाळते. लग्न केलं नाही. करेल, नाहीतर नाही करणार. तिचा प्रश्न.

आणि काल संध्याकाळी, शेजारच्यांनी आणून दिलेला पिठलं-भात जेवता जेवता दीर म्हणाले, "मी सांगतच होतो. डॉक्टर चुकले."

एक घास घेतला.

"वहिनींची शेवटची इच्छा राहिली. आता वर्षाच्या आत उरकायला हवं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. एक स्थळ आहे माझ्या बघण्यात."

केतकीच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं, दुःखाच्या घरात आवाज चढवायचा नाही. शैला आणि मी एका बाकावर बसून शिकलो ते. म्हणून काल गप्प बसले. घरी येऊन झोप लागली नाही. या वयात त्याच माणसाशी तेच भांडण पुन्हा करायची ताकद नाही हो माझ्यात.

पण करणार.

म्हणून इथे, सगळ्यांसमोर लिहितेय. शैलाची शेवटची इच्छा मला माहीत आहे. तिने ती ओरडून सांगितली होती, मी तिथे होते. ती पूर्ण झाली.

केतकी, यापुढे कुणी 'आईची इच्छा' म्हणालं, की वाद घालू नकोस. फोन माझ्या हातात दे.

शैला, तू दमली असशील. नीज आता. पोरीकडे मी बघते.

तुझी,
विजू