धुळ्यातली साक्ष

बाळांनो, तुमच्या चर्चमध्ये आजोबांच्या कामाविषयी बोलायचं आहे, तर एखादी मनाला भिडणारी साक्ष लिहून पाठव, असं परवा तुम्ही फोनवर म्हणालात. म्हणून आजच बसले आहे. पूर्ण वाचा आणि मग ती तिथे सांगायची की नाही, ते तुम्हीच ठरवा.

तुमची आई शाळेत होती तेव्हा आम्ही जळगावात पिंप्राळ्याला भाड्याच्या घरात राहत होतो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दारू सोडू पाहणारी माणसं असत. बरीचशी स्टेशनवर झोपणारी. त्यांच्यात शिंदखेड्याकडचा एक जण होता. केळीच्या ट्रकवर हमाली करायचा. दारूपायी घर सुटलेलं. सुधारल्यावर तो आमचा स्वयंपाकी झाला. वरण-बट्टी त्याच्यासारखी कुणी करत नसे. आजोबांची प्रार्थना लांबली की तो चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडे, "आबा, आमेन म्हना आते! बट्ट्या बठ्ठ्या कोळसा व्हई जातीन!" मग आजोबाच सगळ्यांच्या आधी हसत.

त्याला एकच आस होती. बायको आणि मुलगी परत याव्यात. त्या दोघी बायकोच्या भावाकडे शिंदखेड्याला राहत. बायको यायला तयार होती, भावाचा मात्र विश्वास बसत नव्हता. आजोबांनीच त्या भावाला निरोप धाडला, धुळ्याच्या प्रार्थनासभेला या, माणूस किती बदललाय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आमच्या सभांची एक रीत होती. दारूतून सुटलेल्या माणसाने उभं राहून आपलं जुनं आयुष्य सांगायचं. जितकं वाईट, तितकी देवाची कृपा मोठी, असं सगळे मानत. निघताना आजोबा त्याला म्हणाले, "काही लपवू नकोस. देवापुढे लपवून काय उपयोग?" मीही बरोबर जाणार होते, डबा बांधत होते. मला त्यात वावगं काही वाटलं नाही.

भाऊ धुळ्याला आला. पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, मागच्या रांगेत बसला. स्वयंपाकी बोलायला उभा राहिला. चोऱ्या सांगितल्या, स्टेशन सांगितलं. मग म्हणाला, "मनी बायकोना हात भाजेल शे. ती चुलीवर पडनी नव्हती. मीच तिना हात चुलीमा धरा."

लोक "हालेलुया" म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायका रडायला लागल्या. भाऊ उठला आणि पिशवी घेऊन निघून गेला. बहिणीने इतकी वर्षं त्याला चुलीवर पडल्याचंच सांगितलं होतं.

आजोबा दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याला गेले. भावाने दारातच उभं ठेवलं. "पाणी प्या आबा, पण तिचं नाव काढू नका. तुमच्या देवाने माफ केलं असेल. माझ्या बहिणीला कुणी विचारलं का?"

आजोबा दारातूनच परतले. त्या भावाचं चुकलं, असं मी आजही म्हणू शकत नाही. तो हात तिचा होता, त्यामागची गोष्टही तिची होती. तिने ती झाकून ठेवली होती, आणि आम्ही शंभर माणसांत उघडी केली.

धुळ्याहून एसटीतून परत येताना स्वयंपाक्याने मला विचारलं होतं, "अक्का, मी खरंच सांगं ना? मंग तो उठीसन का गया?" माझ्याकडे इंग्रजी शाळेतलं शिक्षण होतं, बायबल पाठ होतं. मी खिडकीबाहेर पारोळ्याचा किल्ला बघत राहिले.

त्याने पुन्हा दारूला हात लावला नाही. बाहेरगावच्या पाहुण्यांना आम्ही हे कौतुकाने सांगत असू. पण बायको आली नाही. भावाच्याच घरी तिने डोळे मिटले. तो आमच्या शेडमध्ये बट्ट्या भाजत म्हातारा झाला आणि तिथेच वारला. आजोबांची प्रार्थना पुढे आखूड झाली. बट्ट्यांवरून मग कुणी ओरडत नसे.

त्याची मुलगी आता धुळ्यात असते. तिला विचारलं, तिने हो म्हटलं, तेव्हाच हे लिहायला घेतलं. तुम्हीही सांगणार असाल तर आधी तिला फोन करा.

ते घर राहिलं नाही, शेडही नाही. पिंप्राळ्याला दारू सोडणाऱ्यांची गुरुवारची बैठक मात्र अजून भरते. आठ-दहा माणसं येतात, चहा होतो, प्रार्थना होते. धुळ्याच्या त्या सभेनंतर आजोबांनी घालून दिलेला नियम तेवढा टिकून आहे. तिथे कुणालाही उभं करून बोलायला लावत नाहीत.