शेळीचं काळीज

मी जनावरांचा डॉक्टर. आजवर कितीतरी मेलेली जनावरं उघडून पाहिली, पण परवाच्या शेळीचं काळीज, म्हणजे यकृत, डोळ्यांसमोरून हलत नाही. निरोगी काळीज गडद तपकिरी आणि घट्ट असतं. हे पिवळट पडलं होतं आणि बोट लावताच भुसभुशीत मातीसारखं तुटत होतं.

शेळी सरूबाईंची. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या बाभळीखाली पाठमोऱ्या बसून होत्या. हात धुऊन मी जवळ गेलो.

"मावशी, हिला काही औषध देत होता?"

"पाय दुखायचा तिचा. माझ्या गुडघ्याच्या गोळ्या भाकरीत घालून द्यायची. सकाळी दोन, सांजच्याला दोन, महिनाभर. लगेच चालायला लागायची बघा."

खरं सांगणं भाग होतं, कारण गोठ्यात तिची दोन करडं होती. गोळीनं दुखणं गप्प होतं, पण ती गोळी काळजालाच निस्तरावी लागते, आणि काळीज सहसा कुरकुरत नाही. बोलता बोलता मीच थकून गेलो. इतक्या मायेनं भरवलेल्या घासाला विष म्हणायचं तरी कसं?

सरूबाई रडल्या नाहीत.

"डॉक्टर, मी चार वर्षं त्याच खातेय."

मी गाडीचं दार उघडलं. "चला, आत्ताच तालुक्याला जाऊ. तुमची तपासणी करून घेऊ."

त्या गुडघा धरून कशाबशा उठल्या आणि शेळीकडे वळल्या.

"थांबा जरा. आधी हिला पुरू द्या."