अनसूयेचं नाक आणि नानांची मोरी

अनसूयेचं नाक दिसायला झकास होतं. सरळ, तरतरीत, एखाद्या इनामदारणीला शोभावं असं. फक्त त्याला वास येत नव्हता. चौतीस सालच्या आश्विनात ती तापानं अंथरुणाला खिळली, आणि उठली तेव्हा ताप गेला होता आणि जाताना वासही घेऊन गेला होता. आधी तिला वाटलं, सर्दी असेल. मग वाटलं, हिंगच भेसळीचा आलाय मेला. चिमूटभर नाकात कोंबून पाहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण हिंग काही आला नाही. तेव्हा तिला कळून चुकलं.

त्यात काय एवढं, असं कोणी म्हणेल. म्हणू दे! ती स्वयंपाकीण होती, आणि तीही पंचवटीत, नानांच्या घरी. नाना रामकुंडावरचे उपाध्ये. गावोगावचे यजमान श्राद्धाला यायचे ते त्यांच्याकडेच उतरायचे, त्यांच्याकडेच जेवायचे. असल्या घरात नैवेद्य दाखवायच्या आधी कशाची चव बघायची नाही म्हणजे नाही. मग आमटी जमली की बिघडली हे बाईनं ओळखायचं कशानं? नाकानं. तूप खवटलं, दूध नासायला आलं, सगळं नाकानं. आचारी नवरा विषमज्वरात वारलेला, देवळ्याला माहेरी भावजयीचं राज्य. नानांची चूल सुटली तर जायचं कुठं? म्हणून अनसूयेनं तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

आणि बाईनं निभावलं की हो! मोहरी तडतडते कशी ते ऐकायची, रवा कुठवर तांबूस झाला ते बघायची, आणि सगळ्यात जास्त बघायची ती माणसांची तोंडं. कोणाची नाकपुडी जरा हलली की ही चुलीवरचं भांडं खाली उतरवायची. नानांची आत्या चिमाआत्या स्वयंपाकघरात आली आणि तिच्या कपाळाला आठी पडली, की अनसूया भराभर सगळी झाकणं उघडून बघायची. सगळ्या घरानं खाल्लं, यजमानांनी खाल्लं, ढेकर दिले. कोणाला पत्ता नाही.

पण फाल्गुनात मोरी मुळावर उठली.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली भांडी घासायची मोरी ती. एके सकाळी चिमाआत्या आली आणि दारातच थबकली. “अगं बाई, आंबलेल्या ताकाचा वास कुठनं येतोय?”

“हो ना,” अनसूया म्हणाली. “मघापासून मीही तेच म्हणतेय. आंबूसच.”

मागोमाग नानांची सून सुमेधा आली. “शी! उंदीर मेलाय कुठंतरी.”

“उंदीरच, वहिनी. मला वाटलंच होतं.”

एवढ्यात नाना अर्धवट नेसल्या सोवळ्यानिशी डोकावले. “खवट तूप सांडलं का कुठं?”

“तुपाचाच आहे, नाना,” अनसूया म्हणाली आणि जीभ चावली.

तिघं तिच्याकडे बघत राहिली. आंबलं ताक, मेला उंदीर आणि खवट तूप ही तिन्ही एकाच नाकानं कबूल केलेली. “बाई, नक्की एक काय ते ठरवा,” नाना म्हणाले आणि हसत निघून गेले. अनसूयेला मात्र हसू फुटेना. वास होता तरी कसला? तिनं आठवून पाहिलं. मोरीचा वास कसा असतो? शब्द आठवला, वास आठवेना. आणि मग तिच्या मनात भलतंच आलं. वास आहेच कशावरून? या लोकांनी आपल्याला पकडायला हे नाटक तर नाही ना काढलं? मुद्दाम तीन जणांनी तीन वास सांगितले नसतील ना? दुपारभर ती मोरीपुढे उकिडवी बसून होती. डोकं भणाणून गेलं, पण हाती काही लागलं नाही.

मग उपाय सुरू झाले. चिमाआत्या म्हणाली, कढत पाणी ओत आणि वर चुना टाक. टाकला. सुमेधा म्हणाली, लिंबाची सालं चोळा. चोळली. कडुनिंबाचा पाला झाला, शेणानं कडेची जमीन सारवून झाली. प्रत्येक उपायानंतर अनसूया पदराला हात पुसत सहज विचारल्यासारखं विचारायची, “आता बरंय ना?” चिमाआत्या म्हणायची, बराच कमी आहे. सुमेधा म्हणायची, छे, वाढलाय. आता कोणाचं खरं धरायचं? एकीचं ऐकून ती हात आखडता घ्यायची, दुसरीचं ऐकून पुन्हा बंबाकडे पळायची. पार चक्रावून गेली बिचारी.

त्यातच नानांनी चिंता वाढवली. वऱ्हाडातलं मोठं कुटुंब वर्षश्राद्धाला यायचं होतं. “अनसूयाबाई,” नाना म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत, “ही माणसं पानावर बसल्यावर असा वास आला तर उठून जातील. तुमच्यानं स्वयंपाकघर आवरत नसेल तर सांगा, मला दुसरी बाई बघावी लागेल.”

“आवरतं हो, आवरतं,” ती घाईघाईनं म्हणाली.

सुमेधेनं मेनरोडवरून फिनेलची बाटली आणवली. “थोडंसंच, पाण्यात मिसळून,” असं तिनं बजावलं होतं. पण थोडंसं म्हणजे किती, ज्याला नाक आहे त्याला कळायचं! अनसूयेनं ओतलं, काही जाणवलं नाही. आणखी ओतलं. शेवटी बाटली पालथी केली. घटकाभरात चिमाआत्या ओरडत आली, “अगं, हे घर आहे की इस्पितळ? देवाचं दूध उघडं आहे तिथं!” सगळं दूध ओतून द्यावं लागलं. आणि इतकं करून संध्याकाळी मोरीचा वास फिनेलच्या खांद्यावर बसून परत आला, असं सुमेधा म्हणाली. म्हणजे आता दोन वास. अनसूयेला एकही नाही.

यजमान यायच्या आदल्या दिवशी तिचा धीर सुटला. नाक नाही तर नाही, डोळे आहेत ना? जे काय आहे ते डोळ्यांनीच बघू म्हणून तिनं पहार आणली आणि मोरीजवळची फरशी उचकटली. खाली दगडी पन्हळ भिंतीतून गल्लीत जायची. ती गच्च भरलेली. भांडी घासायची राख, भाताची पेज आणि तुपाचा ओशट थर, सगळं मिळून काळं लोणी झालं होतं. अनसूयेनं कासोटा घट्ट केला आणि कोपरापर्यंत हात घातले. गोळेच्या गोळे उपसून शेजारी ढीग घातला. पाणी सोडलं तेव्हा ते खळखळत गल्लीत गेलं. किती दिवसांनी तिला काहीतरी नीट कळलं होतं! पाणी जातंय हे दिसत होतं. ती खुशीत आली.

दारात चिमाआत्या आणि सुमेधा उभ्या होत्या. दोघींनी पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतलेले.

“गेला का गं वास?” चिमाआत्येनं पदराआडून विचारलं.

अनसूयेनं सवयीनं दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडं होतीच कुठं? नुसते डोळे. त्या डोळ्यांवरून काय समजायचं? गेला म्हणायचं की आहे म्हणायचं? पाणी तर गेलं होतं.

“गेला,” ती म्हणाली. “अगदी गेला, आत्याबाई. काही म्हणजे काही येत नाही.”

“गेला?” सुमेधा किंचाळलीच. “अहो, ढीग तुमच्या नाकाखाली पडलाय! मला इथं उभं राहवत नाहीये, आणि तुम्ही... तुम्ही नाकाला पदरसुद्धा लावलेला नाही!”

अनसूयेचा बरबटलेला हात नाकाकडे निघाला आणि मध्येच थांबला. आता काय उपयोग! “मला येत नाही,” ती म्हणाली. “कसलाच येत नाही. त्या तापापासून. मला कळतच नाही हो, तुम्ही सगळी काय म्हणता ते.” आणि ती तिथंच, त्या घाणीत बसून रडली.

रात्री ती डोक्यावरून आंघोळ करून, सोवळं नेसून रांधायला उभी राहिली. कोणी राहा म्हटलं नव्हतं, कोणी जा म्हटलं नव्हतं. पानं वाढली. नानांनी आमटीची वाटी उचलली, हळूच नाकाशी नेली, मग ठेवली. “एवढे महिने आपण काय काय खाल्लं असेल,” ते पुटपुटले. सुमेधेनं भात हुंगला, आणि अनसूया बघतेय हे दिसल्यावर लाजून मान खाली घातली. अनसूया हातात पळी घेऊन उभी होती. जमिनीनं पोटात घ्यावं असं तिला झालं.

चिमाआत्येनं आमटी भातावर ओतली, कालवली आणि सरळ मोठा घास तोंडात घातला.

“मीठ कमी आहे,” ती म्हणाली. “उद्या वऱ्हाडची माणसं आहेत. उद्या नीट घाल.”

“घालते, आत्याबाई,” अनसूया म्हणाली, आणि भात आणायला चुलीकडे वळली.